स्वस्त, परदेशी आणि भरवशाचे?

चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याने एकदा गेले की वसई तालुक्याचा हा पूर्वेकडचा पट्टा किती बदलला आहे ते दिसते. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे गाळे, गोदामे, ट्रकांच्या रांगा आणि मधेमधे विकायला काढलेल्या जमिनीच्या पाट्या. जिथे जमीन, रोकड आणि भाऊबंदकीचे दावे एकत्र नांदतात तिथे स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याची इच्छा आपोआप उगवते. शस्त्राचा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला ‘इम्पोर्टेड’ हा शब्द येतो. कमी पैशात परदेशी पिस्तूल मिळाले, तर ते चालेल का आणि घ्यावे का, असा तो प्रश्न. माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण ‘स्वस्त माल टाकाऊ असतो’ हे नाही. पिस्तुलावरचा भरवसा ज्या गोष्टींतून तयार होतो, त्यांतली जवळजवळ एकही इथल्या गिऱ्हाइकाच्या हाती नसते, हे आहे.

आधी स्वस्त मालाची बाजू नीट मांडायला हवी. तुर्कस्तानातल्या त्राब्झोन शहरातली टिसाश किंवा सामसुन शहरातली कॅनिक पिस्तुले बनवणारी कंपनी, फिलिपिन्समधली आर्मस्कोर, ब्राझीलमधली टॉरस यांची पिस्तुले अमेरिकेच्या बाजारात नामांकित युरोपीय कंपन्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत विकली जातात. स्वस्ताईमागे जादू नाही. मजुरी कमी, पेटंट कधीच संपलेली जुनी आरेखने, संगणकावर चालणारी यंत्रे आणि घरच्या सैन्य-पोलिसांच्या मोठ्या मागणीवर निघालेला भांडवली खर्च, एवढे तिचे गणित आहे. यांतली अनेक पिस्तुले उत्तम चालतात. उलट महाग म्हणजे निर्दोष, असेही नाही. सिग सॉअर कंपनीचे पी-३२० हे मॉडेल अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये निवडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात पडल्यास त्याची नागरी आवृत्ती आपोआप गोळी सोडू शकते असे दिसल्यावर, कंपनीला विकलेल्या पिस्तुलांत मोफत सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी नेमबाज मनू भाकरच्या हातात स्वित्झर्लंडमध्ये बनलेले, स्पर्धेच्या दर्जाचे एअर पिस्तूल होते. पात्रता फेरी सुरू असतानाच त्यात बिघाड झाला, मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि ती बाराव्या क्रमांकावर राहिली. म्हणजे किमतीवरून किंवा देशाच्या नावावरून भरवशाचा अंदाज बांधता येत नाही.

मग तो कशावरून बांधायचा? जिथे पिस्तुले सर्रास विकली जातात तिथली पद्धत पाहिली की उत्तर मिळते. अमेरिकेतला जाणता गिऱ्हाईक नवे पिस्तूल घेतल्यावर आधी रेंजवर जाऊन दोनशे ते पाचशे गोळ्या झाडतो. कोणत्या काडतुसाला ते अडते, रिकामे टरफल बाहेर फेकताना स्लाइड अडकते का, मॅगझिनची स्प्रिंग शेवटची गोळी नीट वर ढकलते का, हे पाहतो आणि मगच ते कमरेला लावतो. अडचण आली तर हमी असते, सुटे भाग मिळतात, दुरुस्ती करणारा कारागीर असतो. एवढे करूनही दोष राहिला तर न्यायालय असते. टॉरसच्या नऊ मॉडेलांवर, पडल्यावर गोळी सुटते असा आक्षेप घेऊन तिथे सामूहिक दावा दाखल झाला होता. सुमारे १० लाख पिस्तुलांशी संबंधित त्या दाव्यातली तडजोड न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण तपासणीची आणि भरपाईची सोय करून द्यावी लागली. स्वस्त पिस्तूल विकत घेण्याचा जुगार तिथे शहाणपणाचा ठरू शकतो, कारण डाव फसला तर तो कळतो आणि निस्तरता येतो.

ही व्यवस्था नसली की काय होते, याचाही धडा त्याच देशात सापडतो. १९६८ च्या कायद्याने तिथे लहान आकाराच्या, हलक्या दर्जाच्या परदेशी पिस्तुलांची आयात रोखली. आकार, वजन आणि सुरक्षा-खटक्यांना गुण देऊन आयातीची परवानगी ठरू लागली. देशांतर्गत उत्पादनाला मात्र ती कसोटी लागू नव्हती. परिणामी दक्षिण कॅलिफोर्नियात जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त पिस्तुले ओतणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आयात थांबली, पण भिकार माल थांबला नाही. फक्त त्याचा पत्ता बदलला. दर्जाची चाचणी न लावता नुसते दार बंद केले, तर फट शोधून माल येतोच. आपल्याकडे ही फट कुठे आहे ते पाहू.

भारतात सामान्य परवानाधारकासाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामवंत नेमबाजांना खेळासाठी मिळणारी सवलत आणि असेच एखाददुसरे अपवाद सोडले, तर दुकानात नवे, स्वस्त, परदेशी पिस्तूल येण्याचा कायदेशीर रस्ताच नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘इम्पोर्टेड’ म्हणून जे दाखवले जाते ते दोनच प्रकारचे असते. एक, बंदीपूर्वी आलेले आणि परवानाधारकांमध्ये हात बदलत राहिलेले जुने शस्त्र. दुसरे, तस्करीचे किंवा नकली.

पहिला प्रकार कायदेशीर आहे, पण स्वस्त नाही. पुरवठा गोठलेला आणि हौस वाढती, त्यामुळे परदेशात किरकोळ किमतीला मिळणारे जुने .३२ बोअरचे पिस्तूल इथे काही लाखांना जाते. या किमतीत धातूचा वाटा थोडा आणि दुर्मीळपणाचा मोठा. ‘जुन्या ब्रिटिश किंवा जर्मन मालाला तोड नाही’ हा आक्षेप इथे हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. नळी आणि सांगाडा खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण पिस्तूल नळीवर चालत नाही. ते स्प्रिंगा, खटके आणि छोट्या पिनांवर चालते, आणि याच गोष्टी आधी झिजतात. अभिनेता गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूच्या घरी स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडले आणि गोळी सुटली. शस्त्र वीसएक वर्षांचे होते आणि त्याच्या लॉकचा भाग तुटलेला होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. ज्या कंपनीचे सुटे भाग इथे येत नाहीत, जिची शिफारस केलेली दुरुस्ती करणारा कुणी नाही, त्या शस्त्राचे वय वाढते तसा त्यावरचा भरवसा उतरतो. गिऱ्हाईक मात्र वाढत्या वयाचेच जादा पैसे मोजतो.

दुसरा प्रकार स्वस्त असतो आणि खरा धोका त्यात आहे. तुर्कस्तानचे झिगाना हे पिस्तूल उत्तर भारतात गाजले ते १५ एप्रिल २०२३ रोजी प्रयागराजमध्ये माजी खासदार अतीक अहमद यांच्या हत्येनंतर. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली, तेव्हाही जप्त शस्त्रांत तुर्की बनावटीचे पिस्तूल असल्याचे पोलिसांनी सांगितले. ही ९ मिमीची शस्त्रे. हा बोअर सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे, त्यामुळे परवाना असलेल्यालाही असे पिस्तूल कायदेशीर करून घेता येत नाही. अशी अस्सल तस्करीची शस्त्रे टोळ्यांपर्यंतच पोचतात. त्यांच्या नावाने खालच्या बाजारात फिरतो तो बहुधा गावठी माल. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात असलेले उमर्टी गाव यासाठी महाराष्ट्राच्या पोलिसांना चांगलेच ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पथकातल्या एका पोलिसालाच जमावाने पळवून नेले होते. बिहारमधल्या मुंगेरचा लौकिक त्याहून जुना. या मालावर ‘मेड इन यूएसए’ किंवा ‘मेड इन इटली’ असा ठसा हौसेने मारलेला असतो. नळीचे पोलाद कोणते, ते किती दाब सोसेल, याची नोंद कुठेच नसते. नळी फुटली तर पहिला जखमी वापरणाराच. वर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे पिस्तूल बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे आणि प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे कैद आहे. या किमतीत मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूला स्वस्त म्हणता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल, की मग देशी पिस्तूल घ्यावे. सरकारी कारखान्यांची ‘अशनी’ पिस्तुले आहेत, २०१४ मध्ये आलेले सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर आहे. त्याची किंमत सुरुवातीलाच १ लाख २२ हजारांच्या पुढे होती. आता खासगी कंपन्याही परदेशी आरेखने घेऊन इथे उत्पादन करू लागल्या आहेत. पावती, हमी आणि सुटे भाग या तीन बाबतींत हा पर्याय नक्कीच उजवा आहे. किमतीचा मात्र प्रश्न उरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे आणि ती देशी-परदेशी दोन्हींना सारखीच लागू पडते. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेले असते. तेवढ्यात पिस्तुलाची खरी परीक्षा आणि स्वतःचा सराव, दोन्ही बसत नाहीत. रेंजवर नियमित जाणारे परवानाधारकही थोडेच. स्कूटर घेताना आपण आधी एक चक्कर मारून पाहतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र पहिली खरी चक्कर जिवावर बेतलेल्या क्षणी मारायची, असा हा व्यवहार आहे. वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेले शस्त्र, जुनी काडतुसे आणि न सरावलेला हात अशा त्रिकुटाला भरवसा म्हणता येत नाही, मग ठसा कुठल्याही देशाचा असो.

सगळ्यात वजनदार आक्षेप अर्थातच गरजेचा आहे. आडबाजूच्या गाळ्यात रात्री एकट्याने हिशेब करणाऱ्या, जमिनीच्या वादात धमक्या येणाऱ्या माणसाला ‘पोलीस येतील’ हे उत्तर पुरत नाही, हे मान्य. मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले, ते या भागाला जास्त पोलीस बळ हवे होते म्हणूनच. अशा माणसाने परवान्यासाठी अर्ज जरूर करावा, कायद्याने ती वाट ठेवली आहे. पण शस्त्र हाती आल्यावर धोका कमी होतो, हे गृहीत धरू नये. फेब्रुवारी २०२४ च्या एकाच आठवड्यात आपल्या शेजारीच दोन घटना घडल्या. २ तारखेला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी जमिनीच्या वादातून परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. ८ तारखेला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेव्हा हल्लेखोराच्या हातात त्याच्या अंगरक्षकाचे परवान्याचे पिस्तूल होते. दोन्ही ठिकाणी शस्त्राने अचूक काम केले. पिस्तूल भरवशाचे असणे आणि ते बाळगल्याने माणूस सुरक्षित होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रोकड कमी ठेवणे, ऑनलाइन व्यवहार, दिवे, कॅमेरे, आणि गरजच असेल तर बारा बोअरची बंदूक चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेला सुरक्षारक्षक, या उपायांना पिस्तुलाचा रुबाब नाही, पण ते रोज तपासून पाहता येतात. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तेव्हा कामाला येणार हेच उपाय.

मग आयात खुली करावी का? करायची असेल तर क्रम उलटा हवा. आधी प्रत्येक मॉडेलची पडण्याची आणि दाबाची सरकारी चाचणी, निकाल सर्वांसाठी खुले. मग सुटे भाग आणि अधिकृत दुरुस्तीची सक्ती. मग परवानाधारकाला रेंजवरच वापरण्यासाठी वेगळा काडतूस कोटा आणि दरवर्षी सरावाची अट. हे झाले तर तुर्की असो वा फिलिपिनी, स्वस्त पिस्तूल घेण्यात गैर काही राहणार नाही आणि नकली ठशांचा बाजारही आपोआप आटेल. पण तोपर्यंत कामणच्या रस्त्यावर कुणी ‘परदेशी आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तो एक तर किंमत खोटी सांगतो आहे, नाही तर देश.