‘स्वदेसी’ची मोजकी गाणी

या वेळी रॅप. घरातल्या मोठ्यांनी लगेच पान बंद करू नये, कारण पुढे मृदंगम येणार आहे आणि गोदावरी परुळेकरही.

मुंबईत ‘स्वदेसी’ नावाचा रॅपर मंडळींचा एक गट आहे. २०१३ च्या आसपास जमलेला. एमसी मवाली, एमसी तोडफोड, १०० आरबीएच, संगीत करणारा बॅमबॉय आणि आणखी काही जण. यातलं ‘१०० आरबीएच’ म्हणजे काय? शंभरला हिंदीत ‘सौ’ म्हणा आणि पुढे ‘रभ’ जोडा, झाला सौरभ. असल्या नावावर कुठलाही प्रोग्रॅमर खूश होतो, मीही झालो.

यांचं रेकॉर्ड झालेलं काम ढीगभर नाही. हल्ली रॅपर दर पंधरवड्याला एक सिंगल टाकतात, अल्गोरिदमला भूक लागलेली असते म्हणून. हे लोक तसे नाहीत. ‘द वारली रिव्होल्ट’ हे २०१९ चं गाणं, ‘चेतावनी’ हा २०२० चा अल्बम, ‘गली बॉय’मधलं ‘इंडिया ९१’, आणि सुटी गाणी. ‘गली बॉय’ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण ‘इंडिया ९१’ कितीजणांनी शेवटपर्यंत ऐकलं? बहुतेकांना ‘अपना टाइम’ तेवढं पाठ.

‘इंडिया ९१’च्या मागे एक वेगळीच गोष्ट आहे. विवेक राजगोपालन हे मुंबईचे मृदंगम वादक. त्यांनी ‘ता धोम’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि तोडफोड, मवाली वगैरे पोरांना कोन्नकोल शिकवलं. कोन्नकोल म्हणजे कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणणं. आपल्याला हे नवीन नाही. चिक्कडपल्लीची त्यागराय गानसभा बरकतपुऱ्यापासून काही लांब नाही आणि आपल्यातल्या निम्म्या मुली लहानपणी भरतनाट्यमला जाऊन आल्या आहेत. ‘तकिट’, ‘तकधिमि’ कानावर पडलेलंच असतं.

आता त्याचा रॅपशी संबंध बघा. रॅपच्या एका ओळीत साधारण चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. नवशिका रॅपर चार-चार-चार-चार असं भरतो आणि ते पाढ्यासारखं ऐकू येतं. कोन्नकोल शिकलेला माणूस म्हणेल: तकिट तकिट तकिट तकिट तकधिमि. तीन चोक बारा आणि वर चार, सोळाच झाले. पण आता शब्दांचा जोर ठोक्यावर पडत नाही, ठोक्याला चकवून पडतो आणि शेवटी बरोबर घरी येतो. खाली बीट तीच, वर शब्द मात्र धावतायत असं वाटतं. हिशोब अगदी साधा आहे, पण तोंडात बसायला महिने लागतात. मी ऑफिसच्या कॅबमध्ये प्रयत्न केला, शेजारच्याने इअरफोन घातले.

या गाण्यात तोडफोड गुजरातीत म्हणतो आणि १०० आरबीएच मराठीत. कोणी कोणासाठी भाषांतर करत नाही. ज्याची जी भाषा, ती तो घेऊन येतो, ताल सगळ्यांचा एक. १०० आरबीएच अमरावतीचा. त्याचं मराठी वऱ्हाडी वळणाचं आहे आणि तो ते इस्त्री करून आणत नाही.

हे मला आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

माझा भाचा इंटरला आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून पाहुणे आले होते. आजीने हाक मारली तेव्हा तो आतून “येऊलालो” म्हणाला. आमचं घराणं मूळ नांदेडकडचं, आमच्यात असंच म्हणतात. पाहुणे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले, आणि जेवताना तीन वेळा तो शब्द परत म्हणून दाखवला. तेव्हापासून पोरगा मराठीत बोलणं टाळतो. आजीशीसुद्धा हिंदीत. समजतं सगळं, उत्तर मात्र दुसऱ्या भाषेत. तुमच्यापैकी किती घरांत हे चाललंय, मला मोजून सांगायची गरज नाही. आपल्याकडे मराठी तेलुगूमुळे किंवा इंग्रजीमुळे जाते असं म्हणतात. मला वाटतं, ती बऱ्याचदा जेवणाच्या टेबलावरच्या अशा हसण्याने जाते.

गंमत अशी की घराबाहेर हाच मुलगा कोठीला, नारायणगुड्याला दिवसभर ‘नक्को’ आणि ‘ऐसाइच’ म्हणत फिरतो, तेव्हा कोणी हसत नाही. दखनीतला ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’, आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’सुद्धा आपल्याकडूनच गेलेला. म्हणजे आपल्या मराठीने अख्ख्या शहराच्या बोलीत घर केलंय आणि आपण घरात तिचे उच्चार तपासत बसलोय.

रॅपमध्ये बोलीचा फायदा अगदी रोकडा असतो. प्रमाण मराठीत यमक फार स्वस्त मिळतं: केलं-गेलं-झालं, लिहीत जा. त्यामुळे ओळीच्या टोकाला यमक जुळवलं तर ते शाळेच्या स्नेहसंमेलनातली कविता वाटते. चांगला रॅपर ओळीच्या पोटात यमक ठेवतो, जोडाक्षरांवर आपटतो, आणि त्यासाठी त्याला बोलीतले खरबरीत शब्द लागतात. हे काही अमेरिकेतूनच आलेलं नाही. अठराव्या शतकात औरंगाबादच्या अमृतरायांनी कटाव रचले, तेही अनुप्रासावर आणि वेगावर चालतात. औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच मुलखात होतं, म्हणजे हा वारसा सांगायला आपल्याला पुण्याची परवानगी नको.

‘द वारली रिव्होल्ट’बद्दल थोडं. यात आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर ‘स्वदेसी’च्या पोरांबरोबर आहेत. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायचा वाद तेव्हा पेटला होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री तोड सुरू झाली, दोन हजारांहून जास्त झाडं गेली आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. गाण्याचं नाव ऐकून बाबांनी विचारलं, “म्हणजे गोदाताईंचं?” त्यांच्या कपाटात ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आहे, १९४५ च्या वारल्यांच्या उठावावरचं, वेठीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांचं. मी त्यांना गाणं लावून दिलं. ढोल-बास त्यांना काही झेपला नाही, पण शब्द कळले का विचारल्यावर म्हणाले, “न कळायला काय झालं, मराठीच आहे की.”

एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २० मार्च २०२२ ला गेला. वय २४. त्याच महिन्यात त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा स्वतःचा अल्बम आला होता. इतक्या लहान वयात गेलेल्या माणसाबद्दल लोक ‘काय काय केलं असतं’ असं बोलत बसतात. मला ते आवडत नाही. जे केलंय ते ऐका ना. मुंबईत राहून, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या दोस्तांच्या घोळक्यात, तो आईच्या भाषेत रॅप करत राहिला. गुजरातीत रॅप चालेल का, हे त्याने कोणाला विचारलेलं दिसत नाही.

भाच्याला मी यातलं काही भाषण देऊन सांगितलं नाही. ‘इंडिया ९१’ची लिंक पाठवली, एवढंच. आठवड्याने त्याने व्हॉट्सअॅपवर आठ ओळी पाठवल्या. अर्धं मराठी, अर्धं दखनी, मध्ये एक तेलुगू शिवी (ती काढायला सांगितली, हे कुटुंबाचं मासिक आहे). चौथ्या ओळीत ‘येऊलालो’ आहे आणि ते ‘उलाला’शी जुळवलंय, जे काही फार भारी यमक नाही. खाली विचारलं होतं, “मामा, स्पेलिंग करेक्ट करून दे.” मी तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होतेय तेवढं सांगितलं, बाकी हात लावला नाही.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी ‘इंडिया ९१’, हेडफोनवर, मृदंगमकडे लक्ष देऊन. मग ‘द वारली रिव्होल्ट’, हे घरच्यांबरोबर चालेल. ‘चेतावनी’ एकट्याने ऐका, त्यात राग बराच आहे. ‘ट्रुथ अँड बेस’ शेवटी. गुजराती येत नसेल तर नारायणगुड्यात गुजराती शेजारी शोधायला फार लांब जावं लागणार नाही.