निंब वाळला म्हणून विकू नका



कापसाच्या पैशात देणी फिटली नाहीत की नजर बांधावरच्या झाडाकडे जाते. लाकडाचा व्यापारीही नेमका त्याच सुमारास गावात येतो. झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्यावर थाप देतो आणि म्हणतो, "रोग आहे, आतून पोकळ आहे, जळाऊच आहे." सौदा उक्ता ठरतो. तेच लाकूड पुढे वखारीत काट्यावर चढते. आपण नजरेने विकायचे आणि त्याने किलोने विकायचे, असा हा व्यवहार आहे.

वाळलेले लाकूड कोणत्याही जातीचे असो, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच, साधारण साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी. फरक असतो तो वजनात. बाभूळ, धावडा, हिवर यांचे लाकूड घट्ट. त्यांची गाडी पांगाऱ्याच्या किंवा सालईच्या गाडीपेक्षा कितीतरी जड भरते. तेव्हा बाभूळ गाडीच्या मापाने देणे म्हणजे वरचे वजन फुकट देणे. बाभळीची साल काळपट, खोल भेगांची. धावड्याची गुळगुळीत, पांढुरकी. सालईची कागदासारखी सुटते. खैर हा बाभळीचाच भाऊबंद, पण त्याच्या गडद लाल गाभ्यापासून कात होतो. तो जळाऊ भावात जाता कामा नये. कोणते लाकूड चुलीत टिकते आणि कोणते नुसता धूर करते, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असते. सौद्याच्या वेळी मात्र तिला कोणी विचारत नाही.

आता रोगाचे. सर्वांत जास्त फसगत निंबात होते. पावसाळ्यात शेंडे वाळू लागतात आणि हिवाळ्यापर्यंत झाड करपल्यासारखे दिसते. शेजारच्या तेलंगणात २०२१ साली गावोगावचे निंब असे वाळले होते. हा बुरशीचा शेंडेमर रोग आहे. डासासारखा दिसणारा, कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारा ढेकण्या त्यात भर घालतो. पण शेंडे वाळले म्हणजे झाड मेले असे नाही. नखाने फांदीची साल खरवडून पाहा. आत हिरवे, ओले दिसले तर फांदी जिवंत आहे. वाळलेला भाग छाटून जाळा आणि उन्हाळ्याची पालवी येईपर्यंत थांबा. बहुतेक निंब पुन्हा फुटतात.

बाभळीच्या बुंध्याशी भुसा पडलेला आणि खोडाला भोके दिसली तर भिरूड आत आहे. अळी पोखरते तेवढे लाकूड जाते, पण सगळे झाड वाया जात नाही. डिंक सुटला म्हणून घाबरू नका, जखम झाली की धडधाकट बाभूळही डिंक सोडते. बांडगूळ असेल तर ते जिथे चिकटले आहे त्याच्या हातभर खालून फांदी तोडा, तेही फळे पिकण्याआधी, नाहीतर पाखरे त्याचे बी पुढच्या झाडावर नेतील.

खरे भिण्यासारखे लक्षण एकच आहे. बुंध्याशी किंवा मुळांवर तपकिरी, चकचकीत, लाकडासारखी टणक छत्री उगवली, तर मुळे कुजत आहेत. असे झाड वरून हिरवे दिसत असतानाच वाऱ्यात आडवे होते. त्याखाली बैल बांधू नका. ते लवकर काढा आणि जमेल तेवढी मुळेही खणून काढा, कारण कुज मुळांमधूनच शेजारच्या झाडात जाते.

तोडायचे ठरलेच तर आधी जात पाहा. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, अंजन ही झाडे आपल्या बांधावर असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते. आपण लावलेल्या, पाणी घालून जगवलेल्या झाडासाठी सरकारकडे अर्ज करायचा, हा उफराटा न्याय आहे. पण दंड आपल्याला होतो, व्यापारी नामानिराळा राहतो. अर्जात झाड वाळलेले किंवा रोगट असल्याचे कारण लिहायचे असेल तर वर सांगितलेली लक्षणे नेमकी लिहा.

आणि सौदा करताना काटा कोणाचा, तूट किती, तोडणीची मजुरी कोणाकडे, हे कुऱ्हाड लागण्याआधी ठरवून घ्या.