वारा अडवायला बाई, शर्यतीत मात्र पुरुष

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेदरम्यान, पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. नाव 'बजाज पुणे ग्रँड टूर'. जागतिक सायकल संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ या दर्जाची, अनेक टप्प्यांची ही भारतातली पहिली रस्ता-शर्यत. अंतर ४३७ किलोमीटर. तीसहून अधिक देशांतले सायकलपटू आले. शर्यतीचा काही मार्ग आपल्या पिंपरी-चिंचवडमधूनही गेला. वर्षानुवर्षे अर्ज-निवेदने देऊनही जे खड्डे बुजत नव्हते, ते बुजले. रस्ते आरशासारखे झाले.

आणि या एवढ्या मोठ्या सोहळ्यात सायकलवर एकही बाई नव्हती.

ती मागे पडली, हरली किंवा आजारी पडली, असे काही झाले नाही. शर्यतच पुरुषांची होती. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' असे छापले होते. ते वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिले आणि नोकरी मिळवली, ही गोष्ट आपल्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी निदान जाहिरातीत तसे छापावे तरी लागले होते. आता छापण्याचीही गरज उरलेली नाही. शर्यत म्हटली की ती पुरुषांचीच, हे इतके गृहीत धरलेले आहे की बायका कुठे आहेत, हा प्रश्न विचारणारीच आगाऊ ठरते.

मैत्रिणींनो, या अंकात सायकल शर्यत कशाला, असे तुम्हाला वाटेल. रहाटणी, काळेवाडी, थेरगावच्या बायकांपुढे पाण्याचा प्रश्न आहे, कंत्राटी कामाचा आहे, दारूचा आहे, मारहाणीचा आहे. त्यात हे श्रीमंती सायकलींचे खूळ कुठून आले? पण सार्वजनिक पैसा, सार्वजनिक रस्ता आणि सार्वजनिक कौतुक कोणाच्या वाट्याला जाते, हा आपलाच प्रश्न आहे. शिवाय या खेळाची रचना नीट समजून घेतली, तर त्यात आपले घरच दिसते.

सायकलची रस्ता-शर्यत एकेकट्याची दिसते, पण ती संघाची असते. एका संघात सहा-सात जण. त्यांतला एक जिंकावा म्हणून बाकीचे राबतात. जोरात जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद समोरचा वारा कापण्यात जाते. जो दुसऱ्याच्या मागे चिकटून चालतो त्याची ताकद बरीच वाचते. म्हणून संघातले सोबती तासन्‌तास पुढे राहून वारा अंगावर घेतात आणि आपल्या मुख्य खेळाडूला आडोसा देतात. मागच्या गाडीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या पाठीवर लादून आणतात. मुख्य खेळाडूचे चाक पंक्चर झाले तर वेळ पडल्यास स्वतःचे चाक काढून देतात. शेवटच्या काही मीटरांत तो आडोशातून बाहेर पडतो आणि हात उंचावतो. फोटो त्याचा येतो. या राबणाऱ्या सोबत्यांना फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, 'दोमेस्तिक', त्याचा अर्थ घरगडी.

घरगडी! बायांनो, याहून ओळखीची गोष्ट कोणती? पहाटे चारला उठून पाणी भरणारी, नवऱ्याचा डबा करून त्याला पहिल्या पाळीच्या कंपनी-बसला वेळेवर पोचवणारी, मग स्वतः पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत चार घरची भांडी घासणारी बाई हेच करते. ती वारा अंगावर घेते. मागचा आडोशात चालतो. त्याला बढती मिळते, मुलाला पहिला वर्ग मिळतो, सत्कार होतो आणि त्यात तिचे नाव 'सौ.'च्या पुढेही येत नाही.

फरक इतकाच, की सायकलच्या संघात बक्षिसाची रक्कम सगळ्यांत वाटून घ्यायची रीत आहे. वारा अडवणाऱ्याला पगार असतो, करार असतो, त्याचे काम हे काम म्हणून ओळखले जाते. घरात ही रीत नाही. आपल्या राज्यात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडावे लागले, आणि तोही दुसऱ्याच्या घरी केलेल्या कामासाठी. स्वतःच्या घरातले काम अजून 'काम'च नाही.

आता संघ उभे कसे राहतात आणि कोसळतात कसे, ते पाहू. क्रिकेटला तिकीट लागते. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसते. प्रेक्षक फुकट बघतो. त्यामुळे व्यावसायिक संघाचा जीव प्रायोजक कंपनीच्या मुठीत. कंपनीने हात काढला की संघ संपला. संघाचे नावच कंपनीचे असते, त्यामुळे मागे नावही उरत नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. मोठ्या कंपनीने मागणी कमी केली की सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात पहिली गदा कंत्राटी बायकांवर येते. खेळातही तेच होते.

फ्रान्समधल्या 'बी अँड बी हॉटेल्स' या संघाचे उदाहरण घ्या. पुरुषांचा संघ मोठा करायचा आणि त्याला जोडून २०२३ पासून बायकांचाही संघ काढायचा, असे ठरले होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोजकांचा पैसा जमला नाही आणि सगळे कोसळले. बायकांचा संघ तर जन्मण्याआधीच मेला. त्या संघाशी करार केलेल्या ऑड्रे कोर्दों-रागो या अनुभवी खेळाडूने मग 'झाफ' या स्पॅनिश संघाची वाट धरली. तिथे काही महिन्यांतच पगार थकले आणि तिला पुन्हा नवा संघ शोधावा लागला. पुरुषांच्या संघाला शेपूट म्हणून जोडलेला बायकांचा संघ असाच असतो. गाडी उलटली की शेपूट आधी चिरडते.

उलट उदाहरणही आहे. फ्रान्सच्या प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स'बरोबर १९८४ साली बायकांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी मारिआन मार्टिन ही अमेरिकन खेळाडू जिंकली. तिच्या हाती हजार डॉलरच्या आसपास रक्कम आली. त्याच साली पुरुष विजेत्याला मिळाले त्यापुढे ती किरकोळच. १९८९ नंतर ती शर्यत तशी राहिली नाही. 'बायकांची शर्यत कोण बघतो?' हे उत्तर तेव्हाही तयारच होते. पण बायका गप्प बसल्या नाहीत. २०१७ साली इरिस स्लापेंडेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'सायक्लिस्ट्स अलायन्स' ही स्त्री-सायकलपटूंची संघटना बांधली. करार वाचून देणे, थकलेल्या पगारासाठी भांडणे, बाळंतपणाच्या रजेची मागणी करणे ही तिची कामे. म्हणजे आपण ज्याला युनियन म्हणतो तीच. २०२० पासून वरच्या दर्जाच्या स्त्री-संघांत वर्षाला किमान १५,००० युरो पगार सक्तीचा झाला. २०२२ मध्ये तो २७,५०० युरो झाला. त्याच वर्षी बायकांची 'टूर द फ्रान्स' नव्याने सुरू झाली. ती बघायला लोक रस्त्याच्या कडेला दाटीवाटीने उभे राहिले. २०२४ ची शर्यत अवघ्या ४ सेकंदांच्या फरकाने निकाली निघाली. कोण बघतो, याचे उत्तर मिळाले.

लिझी डाइग्नन या इंग्लिश खेळाडूची गोष्ट तर प्रत्येक कारखान्याच्या नोटीस-बोर्डावर लावावी अशी आहे. २०१८ साली ती गरोदर असताना 'ट्रेक' कंपनीने आपल्या नव्या स्त्री-संघासाठी तिच्याशी करार केला. आपल्याकडे पोट दिसू लागले की कंत्राटदार 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणतो. डाइग्ननची मुलगी तीन वर्षांची असताना, २०२१ मध्ये, बायकांसाठी पहिल्यांदाच झालेली पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची अवघड शर्यत तिने जिंकली. त्याच वर्षीपासून त्या कंपनीने स्त्री व पुरुष दोन्ही संघांचा किमान पगार एकच केला. संघ नव्याने उभा करायचा म्हणजे काय, ते यातून शिकावे. महागड्या सायकली नंतर. आधी करार, पगार आणि बाळंतपण.

आता आपल्या देशाकडे वळू. जून २०२२ मध्ये भारताचा सायकल संघ सरावासाठी स्लोव्हेनियाला गेला होता. त्यात पाच पुरुष खेळाडू आणि एक मुलगी. त्या मुलीने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाची तक्रार केली. तिला परत आणले गेले, प्रशिक्षकाचा करार संपवला गेला आणि त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने ठरवले, की ज्या पथकात स्त्री-खेळाडू आहेत त्याबरोबर स्त्री-प्रशिक्षक असलीच पाहिजे. १९९७ साली विशाखा निकाल आला. २०१३ साली कायदा झाला. तरी परदेशात पाठवलेल्या एकट्या मुलीबरोबर स्त्री-प्रशिक्षक हवी, हे सुचायला २०२२ साल यावे लागले, आणि तेही एका मुलीने आपली कारकीर्द पणाला लावून तोंड उघडल्यावर. पुढच्याच वर्षी कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, हे आपण विसरलेलो नाही.

मुलींचे आईबाप हे सगळे वाचतात. मग ते मुलीला खेळातून काढतात, आणि आयोजक म्हणतात, 'आम्ही काय करणार, मुली येतच नाहीत.'

मुली येत नाहीत? कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने 'खेलो इंडिया' स्पर्धेत सुवर्णपदके आणली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर सायकल चालवत जगाची फेरी पुरी केली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकावर लुटले, तरी थांबली नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली, तेव्हा शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत म्हणून दांडीच्या सायकली घेतल्या, कारण दांडीवर मूल बसवता येते! बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. संधी दिली तिथे मुली आल्या. दिली नाही तिथे आल्या नाहीत. यात गूढ काही नाही.

'खर्च परवडत नाही' म्हणणाऱ्यांना सांगायचे, की रस्ता एकदाच करावा लागतो. तोच रस्ता, तेच पोलीस, तेच दवाखान्याचे पथक. पुरुषांच्या आधी दोन तास बायकांची शर्यत सोडली तर नव्याने डांबर टाकावे लागत नाही. 'आशियात अजून तशी पद्धत नाही' म्हणणाऱ्यांना सांगायचे, की चीनमधल्या चोंगमिंग बेटावर आणि थायलंडमध्ये बायकांच्या अनेक टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती झालेल्या आहेत. आणि 'आधी पुरुषांचा संघ सावरू द्या, मग बायकांचे बघू' हे वाक्य तर आपण स्वातंत्र्य-चळवळीपासून ऐकत आलो आहोत. ते 'मग' कधी येत नाही.

आमच्या वस्तीत सायकल घेतली की ती मुलाची होते. मुलगी आठवीत गेली, 'मोठी' झाली, की तिची सायकल भावाकडे जाते. नखाते वस्तीतून शाळेला, क्लासला, पहिल्या नोकरीला ती पायी जाते किंवा शेअर रिक्षाच्या पैशांसाठी रोज हात पसरते. घरातली ही शिकवण आणि जिल्ह्याची ती शर्यत एकमेकींना बळ देतात. पाच दिवस टीव्हीवर फक्त पुरुषांच्या पायांत ताकद दिसली, तर बापाला पटवायचे कसे?

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचे मतदान झाले. पिंपरी-चिंचवडच्या १२८ जागांपैकी निम्म्या स्त्रियांच्या. चारच दिवसांनी ही शर्यत सुरू झाली. या ६४ नगरसेविकांना आम्ही पक्ष न विचारता सांगतो: खुर्ची आरक्षणाने मिळाली, आता रस्ता मागा.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पुढच्या शर्यतीत बायकांची स्वतंत्र, आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत हवी; पाच दिवस जमत नसेल तर पहिल्या वर्षी दोन दिवस, पण बक्षीस प्रत्येक टप्प्याला पुरुषांइतकेच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडी क्रीडानगरीत आपल्या वस्त्यांतल्या मुलींसाठी कायमचे सायकल-केंद्र हवे. सायकल, आहार आणि येण्याजाण्याचा खर्च केंद्राचा. जिल्ह्यातल्या ज्या उद्योगांनी या शर्यतीला पैसा दिला, त्यांनी मिळून मुलींचा संघ उभारावा, निदान तीन वर्षांच्या लेखी करारावर आणि महिन्याच्या महिन्याला पगार देऊन. संघाला स्त्री-प्रशिक्षक, तक्रार समितीवर बाहेरची सदस्य आणि बाळंतपणाची रजा. मार्गावर, सरावाच्या ठिकाणी स्वच्छतागृह. हे मागायला लाज वाटू नये, न देणाऱ्याला वाटावी.

प्रत्येक बचतगटाने, मंडळाने या मागण्यांचे निवेदन आपल्या नगरसेविकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. सोबत वस्तीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या, सायकल येणाऱ्या मुलींची यादी जोडावी, म्हणजे 'मुली आहेत कुठे' हा प्रश्न संपेल. आणि ते करण्याआधी, घरात भावाकडे गेलेली सायकल परत मागून घ्यावी.

आजवर आपण पुष्कळांसाठी वारा अडवला. आता आपल्या मुलींसाठी अडवू.