उसना गळा



मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेली रॅपची रेकॉर्डिंगं आम्ही चौघं एका खोलीत बसून ऐकली. एकेक संपलं की कुणीतरी म्हणायचं, "जबरदस्त!" मग बाकीचे तिघे माना डोलवायचे. मीही डोलवली. सगळं आटपून स्टेशनकडं चालायला लागलो तेव्हा कळलं, आज आपण निदान सहा वेळा खोटं बोललो.

का बोललो? आपल्या पोराला नावं ठेवायला बाहेरचे टपलेलेच आहेत, त्यात आपण कशाला भर घालायची, हा आपला न लिहिलेला कायदा आहे. कवितेच्या बाबतीत तर तो आपण इतका पाळला की कुणी आग, सूर्य आणि मूठ एका ओळीत बसवली की टाळ्या ठरलेल्या. प्रस्थापित समीक्षक आपल्याला न वाचता नाकारतात. आपण एकमेकांना न ऐकता स्वीकारतो. ऐकलेलं दोन्हीकडं कुणीच नाही.

म्हणून या वेळी एका टेपविषयी लिहितोय. मुद्दाम लांबची निवडलीय. तिच्या मालकाला माझ्या बोलण्यानं काडीचा फरक पडणार नाही, तुम्हाला पडला तर पडेल. टेपचं नाव 'सी फोर'. साल २००९, जानेवारी महिना. पोरगा एकवीस वर्षांचा, राहणारा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा. तेव्हा तो स्वतःला के-डॉट म्हणवायचा. आज जग त्याला केंड्रिक लमार म्हणून ओळखतं.

आधी मिक्सटेप ही काय चीज आहे ते सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण तिला अल्बमच समजतात. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत कूल हर्कनं दोन टर्नटेबलांवर रेकॉर्डी फिरवल्या, तिथून हिप-हॉपचा जन्म धरतात. पुढं अशा पार्ट्यांचा आवाज लोक कॅसेटवर भरून घ्यायला लागले. त्या कॅसेटी हातोहात फिरायच्या. मग सीडी आल्या, मग इंटरनेट. कंपनीचा शिक्का नाही. दुसऱ्याच्या गाजलेल्या गाण्याचा बीट घ्यायचा, परवानगी न मागता त्यावर आपले शब्द टाकायचे आणि स्वस्तात नाहीतर फुकटात वाटून टाकायचे. म्हणजे आपलं लिटल मॅगझिनच की! छापखान्याचे पैसे थकलेले, खळ बोटांना चिकटलेली, पण मजकुरावर मालक कुणी नाही.

कंपन्यांना हे चालायचंही आणि खुपायचंही. गायकाची हवा फुकटात तयार होते म्हणून चालायचं. २००७ च्या जानेवारीत मात्र अटलांटात डीजे ड्रामाच्या जागेवर धाड पडली. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची माणसं पोलिसांबरोबर होती. ८१ हजारांच्या आसपास सीडी उचलून नेल्या. आणि कलम कुठलं लावलं? संघटित गुन्हेगारीचं. टोळ्यांना लावतात ते.

तेव्हा चाल उसनी घेतली म्हणून मी नाक मुरडणार नाही. आपण कोण मुरडणार? चौदा एप्रिलला वस्तीत वाजणारी कितीतरी भीमगीतं सिनेमाच्या चालीवरची. गायन पार्टीवाल्यांनी चालू पिक्चरची चाल उचलली, तिच्यात बाबासाहेब बसवले, आणि वस्तीच्या डोक्यातून मूळ गाणं पुसून गेलं. माझ्या आजीला ती मूळ गाणी ठाऊकच नव्हती. रेडिओवर एखादं लागलं की म्हणायची, "बघ रं, ह्यांनी आपलं गाणं चोरलं." चाल त्यांची होती. शब्द आपले होते आणि गळा आपला होता. भांडण इथं सुरू होतं.

'सी फोर'वर चाल लिल वेनची. हा न्यू ऑर्लिन्सचा. २००८ च्या जूनमध्ये त्याचा 'कार्टर थ्री' आला आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत दहा लाखांवर विकला गेला. त्या वर्षी रॅप करणाऱ्या प्रत्येक पोराच्या कानात वेन होता. के-डॉटनं सातआठ महिन्यांत त्याच अल्बमचे बरेच बीट घेतले आणि स्वतःची टेप काढली. टेपचं नावसुद्धा त्याच अल्बमकडं बोट दाखवणारं.

मी ती रात्रपाळीला ऐकली, एका कानात. दुसरा कान गँगसाठी मोकळा ठेवावा लागतो, क्रेनखाली दोन्ही कान बंद करणारा माणूस फार दिवस टिकत नाही. पहिली गोष्ट कळली ती दमाची. पोराचा श्वास तुटत नाही. यमकावर यमक रचत जातो, ओळीच्या शेवटी थांबेल असं वाटतं तिथं थांबत नाही, वळण घेऊन पुढच्या ओळीत शिरतो. क्रेनवरचा जुना माणूस जड कॉइल हॅचमध्ये अशी उतरवतो की खालच्या लाकडाचा आवाज येत नाही, तसं. हे एकवीस वर्षांच्या वयात फुकट मिळत नाही. त्याची पहिली टेप २००३ सालची, तेव्हा तो सोळा वर्षांचा. म्हणजे पाच वर्षं घासलेली आहेत. एका गाण्याचं नावच 'बेस्ट रॅपर अंडर ट्वेन्टी फाइव्ह'. पंचविशीच्या आतला सगळ्यांत भारी मीच! हा माज मला आवडला. माज करायला पण तालीम लागते. टेपवर जे रॉक, अब-सोल हे दोस्तही आहेत. पुढं जो गट उभा राहिला त्याची पहिली वीट इथं दिसते.

आता दुसरी बाजू. दोनतीन गाण्यांनंतर मला के-डॉट ऐकू येईनासा झाला. वेन ऐकू यायला लागला. ती घशातली खरखर, ओळ संपल्यावरचं ते खिदळणं, स्वर ताणून धरायची लकब, एका शब्दाचे दोन अर्थ करून मारलेली कोलांटी, सगळं वेनचं. बीट घेतला तो घेतला, पोरानं माणसाचं नरडंच घेतलं. टेपवर एक गाणं आहे, 'लेट मी बी मी'. मला मी असू द्या. अरे बाबा, तुला अडवलंय कुणी? तूच दुसऱ्याच्या तोंडानं मागतोयस.

आणि गंमत अशी की वेनकडून खरं घ्यायचं ते त्यानं घेतलंच नाही. 'कार्टर थ्री'वर 'टाय माय हँड्स' नावाचं गाणं आहे. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, शहर पाण्याखाली गेलं, काळी गरीब माणसं छपरांवर बसून सरकारची वाट बघत राहिली. ते पाणी त्या गाण्यात आहे. अल्बमच्या शेवटी वेन बीट तसाच चालू ठेवून कितीतरी वेळ नुसता बोलत राहतो, क्रॅक आणि कोकेनच्या कायद्यावर. १९८६ च्या त्या कायद्यानं पाच ग्रॅम क्रॅकला जेवढी सक्तीची शिक्षा, तेवढी शिक्षा व्हायला कोकेनची पूड पाचशे ग्रॅम लागायची. क्रॅक काळ्या वस्तीत विकलं जायचं, पूड पैसेवाल्यांच्या पार्टीत. २०१० मध्ये ते प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आणलं. अठरास एक! याला तिकडं सुधारणा म्हणतात. सांगायचं हे की वेन कितीही चाळे करो, त्याचे पाय स्वतःच्या गावच्या चिखलात होते. के-डॉटनं चाळे घेतले, चिखल न्यू ऑर्लिन्समध्येच राहिला.

बरं, त्याच्याकडं स्वतःचा चिखल नव्हता असं थोडंच आहे? आईबाप १९८४ मध्ये शिकागो सोडून कॉम्प्टनला आलेले. १९९२ ची जाळपोळ झाली तेव्हा हा चार वर्षांचा होता. आठव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून यानं टुपॅक आणि डॉ. ड्रेला 'कॅलिफोर्निया लव्ह'चं शूटिंग करताना बघितलं. आणि मला गोदीवाल्याला आणखी एक दिसतं. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांतला माल घेऊन जाणारी अलामेडा कॉरिडॉरची रेल्वे २००२ मध्ये सुरू झाली. सुमारे ३२ किलोमीटरची लाइन, आणि कॉम्प्टनमधून ती खोल चरातून जाते. जगाचा माल यांच्या घराच्या बुडाखालून जातो. या टेपमध्ये कॉम्प्टनचं नाव पुन्हापुन्हा येतं. पाटीसारखं. पाटीमागचं गाव फार थोड्या ठिकाणी दिसतं. 'यंग अँड ब्लॅक'सारख्या गाण्यात वाटतं, हा आता बोलणार. पण पुन्हा पुढं क्लबची गाणी.

या क्लबच्या गाण्यांबद्दलही बोललं पाहिजे. त्यांत बाई म्हणजे गाडी, घड्याळ, बाई अशा यादीतली वस्तू. ऐकताना गँगमधला एक दोस्त म्हणाला, "अरे, तो काळा आहे, पिचलेला आहे, त्याचा राग समजून घे." राग समजतो. तो बाईवर का निघतो ते समजत नाही. जोन मॉर्गन या काळ्या बाईनं १९९९ साली पुस्तक लिहून हिप-हॉपशी घरातलं भांडण मांडलं. आवडतं म्हणूनच भांडते, अशी तिची तऱ्हा. आपल्याकडं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' असं नाव देऊन पुस्तक काढावं लागलं, यातच काय ते आलं. आणि मित्रांनो, तुमच्या रेकॉर्डिंगांतल्या तीनांत 'तेरी माँ'शिवाय यमक जुळलेलं नाही. त्या माँपैकी एक पहाटे साडेचारला सफाईच्या पाळीला जाते. मला माहीत आहे, आमच्याच चाळीत राहते.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल फुकटचा मास्तर झाला. दहावीनंतर मी पहिली वही भरली ती सगळी 'गोलपिठा' वाचून. ढसाळांचं ते पुस्तक १९७२ चं, मी वाचलं ते झेरॉक्सवर. रात्रभर झोप नाही. सकाळपासून माझ्या कवितेत दारूचे गुत्ते, वेश्या, दलाल, पू आणि रक्त. एक दिवस आईनं वही वाचली, अडखळत, अक्षर लावत. म्हणाली, "तू तिकडं कधी गेलतास रे?" मी कधीच गेलो नव्हतो. ढसाळ त्या गल्ल्यांत वाढले होते, टॅक्सी चालवत होते. मी वाढलो कॉटन ग्रीनला गोदामांच्या भिंतीला लागून. ठेकेदाराच्या हाताखाली गोदीत जायला लागून तेव्हा वर्ष झालं होतं. आणि त्या वहीत एकसुद्धा जहाज नव्हतं. एक दोरखंड नव्हता. बापाच्या हाताला हूक लागून झालेला खड्डा नव्हता. वही अजून आहे. 'सी फोर' ऐकताना तीच आठवली, म्हणून मला या पोराचा राग येत नाही. नक्कल ही तालीम असते. तालमीचं तिकीट लावू नये एवढंच.

के-डॉटनं काय केलं ते थोडक्यात सांगतो. त्यानं त्याच वर्षी टोपणनाव टाकलं. डिसेंबर २००९ मध्ये जी रेकॉर्ड आली तिच्यावर त्याचं स्वतःचं नाव होतं, केंड्रिक लमार. २०१० ची 'ओव्हरली डेडिकेटेड' ही पण मिक्सटेप, ती पण खालीवर, पण गळा त्याचा. २०१२ च्या 'गुड किड, मॅड सिटी'त त्याची आई फोनवर तिची गाडी परत मागते, मागून बापाचा आवाज येतो, रोझक्रान्स रस्ता येतो, दोस्त येतात, मरण येतं. आता पाटीमागचं गाव दिसलं. २०१५ मध्ये त्याचं 'ऑलराइट' पोलिसांसमोर उभ्या राहिलेल्या पोरांच्या तोंडी घोषणेसारखं होतं. २०१८ साली 'डॅम'ला पुलित्झर मिळालं. यावरून वाईट टेप काढली की पुलित्झर मिळतं असं कुणी समजू नये. तशाच टेपा काढून तिथंच राहिलेले हजारो आहेत, त्यांच्यावर कुणी संपादकीय लिहीत नाही.

तर आम्ही चौघांनी पुन्हा बसून ठरवलंय ते असं. आलेल्या रेकॉर्डिंगांपैकी दोनच या अंकात शब्दरूपात छापतोय. एक नाक्यावरच्या पोराचं आहे, त्यात वेग नाही, दोन ठिकाणी ताल सुटतो, पण सकाळी नाक्यावर मुकादम माणसं कशी निवडतो, कुणाच्या दंडाला हात लावून बघतो, हे त्यात आहे. दुसरं एका मुलीचं. तिच्या शेवटच्या कडव्यावर आमचं भांडण झालं, दोघांना ते आवडलं नाही, तरी छापतोय. बाकीच्यांना मी स्वतः पत्रं लिहितोय, काय आवडलं आणि कुठं दुसऱ्याचा गळा ऐकू आला ते ओळीनिशी. मागच्या वेळी तोंडावर 'जबरदस्त' म्हणालो, ते परत घेतो.

ज्यांना राग येईल त्यांनी रविवारी यावं, माझी वही मी टेबलावर ठेवतो, तिच्यावर सूड काढा. फक्त संध्याकाळी सातच्या आत या. मला रात्रपाळी आहे.