हायब्रीड गाडी : मायलेज बघू नका, आधी हप्ता बघा

"सर, रोज गाडी चालवायचीच आहे, तर मग प्लग-इन हायब्रीड का घेऊ नये?" हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. मागच्या वर्षी तो मी स्वतःलाच विचारला होता आणि बुकिंगची रक्कम खिशात घेऊन शोरूमपर्यंत गेलोही होतो.

माझं दुकान लोणावळ्यात. हॉटेलांना आणि बंगल्यांना लागणारं डिस्पोजेबल सामान, पॅकिंग, सफाईचा माल. रोज तळेगावला जाऊन यायचं, वाटेत कामशेतला दोन-तीन गिऱ्हाइकं, म्हणजे सगळं मिळून 60 किलोमीटर. कागदावर ही प्लग-इनचीच गाडी: रात्री घरी चार्ज करा, दिवसभर बॅटरीवर फिरा, पुण्याच्या पुढे जायचं असेल तर पेट्रोल आहेच. एका युनिटला 6 किलोमीटर धरले तर 10 युनिट लागतात. 10 रुपये दराने 100 रुपये. साधी पेट्रोल गाडी 15 चं मायलेज देत असेल तर तिला 4 लिटर लागतं, 105 च्या भावाने 420 रुपये. दिवसाला 320 वाचले! मीही इथेच फसणार होतो.

पहिली अडचण म्हणजे आपल्याकडे प्लग-इन गाड्या मिळतात फार थोड्या, आणि त्या महागड्या. बीएमडब्ल्यू एक्सएम प्लग-इनच आहे, पण ती कोटींतली. आपल्या बजेटच्या आसपास आहे ती स्ट्राँग हायब्रीड: हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी. या गाड्यांना प्लग नाही. त्यांची बॅटरी ब्रेक आणि इंजिनवर भरते. शोरूममध्ये 'हायब्रीड' हा एकच शब्द ऐकू येतो आणि आपण व्हिडिओत बघितलेला प्लग-इनचा फायदा मनात धरून सही करतो.

आता स्ट्राँग हायब्रीडचा हिशोब. मायलेज 22 धरू. 60 किलोमीटरला साधारण 286 रुपये. दिवसाला 134 वाचले, महिन्याचे 25 दिवस धरून 3,350. छान. पण त्याच गाडीच्या साध्या मॉडेलपेक्षा 3 लाख जास्त मोजले असं समजा, आणि ते कर्जाने. साडेनऊ टक्के, 5 वर्षं: जादा हप्ता साधारण 6,300. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ 3,000 रुपये खिशातून जातात, आणि आपण म्हणतो पेट्रोल वाचलं. विकताना थोडे परत येतील, मान्य. पण ते पाच वर्षांनी, आणि दुकानाचं भाडं दर महिन्याला.

तुमचं रनिंग 150 किलोमीटर असेल तर हे गणित उलटतं. शनिवार-रविवारी एक्सप्रेसवेच्या एक्झिटपासून भुशी डॅमपर्यंत जो जाम लागतो त्यात हायब्रीड खरंच राजा आहे. गाडी उभी, इंजिन बंद. घाट उतरताना बॅटरी भरते हेही खरं, पण ती एवढीशी असते की खोपोलीच्या आधीच भरून जाते.

कागदपत्रांबद्दलही बोलू. "धंद्याच्या नावावर घे, जीएसटी परत मिळेल" असं सांगणारे भेटतील. 13 सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर आपल्यासारख्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट मिळत नाही. टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री असे धंदे वेगळे. आणि कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स 20 टक्के. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के, मोठ्या हायब्रीडवर सप्टेंबर 2025 पासून 40. राज्याच्या 2025 च्या धोरणातली एक्सप्रेसवेची टोलमाफीही इलेक्ट्रिकसाठी आहे. पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीने ती हिशोबात धरू नये.

चार्जिंगचंही तसंच. गल्लीत गाडी लावणारा माणूस तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार का? दुकानाच्या कमर्शियल मीटरवर लावली तर युनिट महाग. आणि चार्ज न करता प्लग-इन चालवली तर ते बॅटरीचं ओझं पेट्रोलवर घाट चढवत बसायचं.

मला शोरूममध्ये थांबवलं ते मात्र या आकड्यांनी नाही. बायकोचा फोन आला: जूनचा माल बुक करायचा आहे, ॲडव्हान्स कुठून देऊ? तेच 3 लाख मालात घातले, वर्षात चार वेळा फिरले आणि 8 टक्के सुटले तरी 96,000 होतात. हायब्रीडने वाचले असते 40,000.

खरं सांगू? मला गाडी मायलेजसाठी नकोच होती. ट्रेनर म्हटल्यावर लोक आधी पार्किंगमध्ये बघतात, मग स्टेजकडे. वडगावच्या एका बॅचमध्ये एकाने विचारलंच, "सर, तुमची गाडी कोणती?" तेव्हा मी विषय बदलला होता. आता सांगतो: जुनी सीएनजी वॅगनआर, मागच्या दरवाजाला पोचा आलाय, हप्ता शून्य. यंदा जूनचा माल रोखीने उचलला.

तुम्ही एक करा. महिनाभर रोज रात्री मीटरचं रीडिंग वहीत लिहा आणि बँकेकडून दोन्ही मॉडेलचे हप्ते लिहून आणा. मग त्या दोन कागदांवर आपण पुढच्या लाइव्हमध्ये बसू.