शेतीच्या विकासाची वही कुणाच्या हातात?

तलावातून किती गाळ निघाला, हे घनमीटरमध्ये सांगता येते. पोकलेन किती तास चालले, किती डिझेल जळले, तेही सांगता येते. पण तो गाळ कुणाच्या बांधीत पडला, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही हा प्रश्न विचारला. उत्तर दिले ते बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने. "आमच्यापासी बांधीच नाही, त गाळ का डोक्यावर टाकू?"

अहवालात ते गाव 'यशस्वी' आहे. आमचा वाद इथूनच सुरू होतो.

शेतीविकासाच्या प्रकल्पांत देखरेख, मूल्यमापन आणि नोंदी हा कंटाळवाणा विषय मानला जातो. तो साहेबांचा, एनजीओवाल्यांचा, फार तर डेटा एन्ट्री करणाऱ्या पोरांचा विषय. आंबेडकरी कार्यकर्ता मोर्चा काढतो, निवेदन देतो, जयंतीला भाषण करतो. रजिस्टर तपासत नाही. आमचे म्हणणे असे आहे की ही चळवळीची मोठी चूक आहे. जो वही लिहितो तोच यश कशाला म्हणायचे ते ठरवतो. आणि वहीत ज्याचे नाव नाही, तो उपाशी राहिला तरी सरकारी भाषेत तो उपाशी नसतो, तो नसतोच.

हे आपल्याला नवे नाही. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की साक्ष महाराची घेत. गावची शीव त्याच्या पायांना पाठ होती. वसुलाची रक्कम खजिन्यापर्यंत पोचवणाराही तोच. पण दप्तर कुळकर्ण्याचे. आपल्या झाडीपट्टीत पटवारी आणि कोतवाल. कोतवाल पुष्कळदा आपला, कलम मात्र पटवाऱ्याची. अडाणी शेतकऱ्याला कागदात कसे गुंडाळले जाते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. माहिती आपली, मेहनत आपली, आणि लेखी हक्क दुसऱ्याचा, ही रचनाच त्यांना मोडायची होती.

१९३२ ची गोष्ट तर प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावी. मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीपुढे काही प्रांतिक समित्यांनी आपल्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे आकडे ठेवले. जनगणनेत जी माणसे लाखांनी होती, ती प्रतिनिधित्व द्यायची वेळ येताच कागदावरून गायब झाली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी हा खेळ ओळखला आणि आपली स्वतंत्र टिपणी सादर केली. आकड्यांवरची लढाई ही हक्कांवरचीच लढाई असते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पुढे धर्मांतरानंतर कागदावरच्या 'बौद्ध' या एका शब्दामुळे केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळवायला आपल्याला १९५६ पासून १९९० पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे झगडावे लागले. आणि आपण म्हणतो, रकान्यात काय ठेवले आहे!

आता आजच्या गोंदियाकडे या. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३,२२,५०७. त्यात अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के, अनुसूचित जमाती सुमारे १६ टक्के. दर दहा माणसांत जवळपास तीन. पीक धान. धान पिकवणारा कोण? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो, असे सरकार म्हणते. आम्ही म्हणतो, चिखलात जो उभा आहे तो. दोन्ही माणसे एकच असतात असे नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये कितीतरी कुटुंबे दुसऱ्याची बांधी ठेक्याने किंवा बटईने करतात. तोंडी बोली, कागद नाही. कारण कागद झाला तर कूळ लागेल, ही मालकाची भीती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर पीक नोंदवायचे. कल्पना चांगली आहे, पण नोंद चढते ती खातेदाराच्या सातबाऱ्यावर. धानाच्या आधारभूत केंद्रावर नोंदणी करायची, तरी सातबारा लागतो. २०२३-२४ च्या हंगामासाठी धानाला हेक्टरी २० हजार रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत, असा बोनस दिला गेला. तो क्विंटलवर नव्हता, हेक्टरवर होता. म्हणजे जमिनीच्या नोंदीवर होता. ठेका देऊन, बी-खत घालून, घाम गाळून धान काढणाऱ्याच्या हाती मालकाची मर्जी. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीशी बांधलेला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो सरकारी यंत्रणेच्या लेखी शेतकरीच नाही. मग उद्या कुठलाही प्रकल्प आला आणि 'शंभर टक्के शेतकरी समाविष्ट' असे त्याने छापले, तर ते खोटेही ठरणार नाही. आपली माणसे मोजणीच्या आधीच वगळलेली असतील.

गाळाचेही तसेच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत २०२३ पासून अल्पभूधारकांना गाळ पसरवण्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्यासाठी आधी शिवार हवे. तलावावर जगणारा ढीवर, तलावाच्या पोटात उन्हाळ्यात गुरे चारणारा भूमिहीन, यांचे काय झाले हे घनमीटरमध्ये मोजता येत नाही. यंत्राने तळ सरसकट खरवडला तर पाणवनस्पती जातात, मासळीचा आसरा जातो. साठवण वाढल्याचा आकडा बरोबर असतो. मासळी घटल्याचा रकानाच नसतो.

राज्य पातळीवरचे उदाहरण घ्या. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये आले, २०१९ पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्राची घोषणा झाली. ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला: पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसत नाही. कामांचे आकडे होते, खर्चाचे होते, फोटो होते. परिणाम मात्र नव्हता. काम झाले म्हणजे बदल झाला, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की दोहोंतला फरक विचारणारा माणूसच विकासविरोधी ठरतो.

आता आमच्या स्वतःच्या पापाबद्दल. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या धान प्रकल्पात आम्ही काम केले. श्री पद्धतीने लागवड, हेक्टरी किती क्विंटल वाढ, हा मुख्य निर्देशांक. आमच्या फॉर्ममध्ये 'जमीन (हेक्टर)' हा रकाना सक्तीचा होता. भूमिहीन बाईसाठी तिथे शून्य टाकले की पुढचे पान उघडत नसे. वरून सांगण्यात आले, अशी घरे सोडून द्या. आम्ही सोडली. रोवणी करणाऱ्या बायांचे मजुरीचे दिवस वाढले की घटले, वाकून काम करण्याचे तास वाढले की कमी झाले, गुत्त्याचा दर काय झाला, हे त्या अहवालात कुठेच नाही. उत्पादनवाढीचा तक्ता मात्र रंगीत आहे. बैठकीच्या कोऱ्या हजेरीपटावर आम्हीच बायांचे अंगठे घेतले, ठराव नंतर लिहिला गेला. समाजशास्त्राची पदवी खिशात होती, तरी आम्ही त्या दिवशी पटवाऱ्याचेच काम करत होतो. हे सांगताना लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला: प्रत्येक अहवालात जात कशाला? हा तर जातीयवाद. अहो, सरकारची स्वतःची कृषिगणना सामाजिक गटानुसार खाती मोजते. २०१५-१६ च्या गणनेत देशातल्या सर्व खात्यांचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर होते आणि अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर. हा फरक रकाना होता म्हणून दिसला. रकाना काढल्याने जात जात नाही, फक्त पुरावा जातो.

दुसरा: आता सगळे ऑनलाईन आहे, घोटाळ्याला जागा नाही. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घेणारे ॲप १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की असंबद्ध फोटो चढवले जातात, फोटोचा फोटो काढला जातो. आणि खऱ्या मजुराची हजेरी नेटवर्क नाही म्हणून बुडते, तेव्हा त्याने कुणाकडे जायचे? वही ऑनलाईन गेली म्हणून ती आपली झाली नाही. उलट पूर्वी ती ग्रामपंचायतीच्या कपाटात तरी होती.

तिसरा आक्षेप आपल्याच पोरांचा, आणि तोच आम्हाला जास्त बोचतो: आम्ही क्रांती करायला आलो आहोत, कारकुनी करायला नाही. मित्रांनो, १९१८ साली 'भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यावरील उपाय' हा निबंध लिहिणारा माणूस आकडेवारीत मान घालून बसत होता. त्याला तुम्ही कारकून म्हणणार का? राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे डिसेंबर १९९४ मध्ये मजुरांनी जनसुनवाई भरवली. तिथे सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि कागदावरचे काम गावाने जमिनीवर शोधले. त्या वाचनातून जी चळवळ उभी राहिली, तिने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत धडक मारली. ही कारकुनी असेल, तर अशी कारकुनी आम्हाला हवी आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक बुद्धविहारात एक वही असावी. तिच्यात पाच रकाने पुरेत. गावात कोणता शेतीप्रकल्प आला, किती पैसे आले, लाभ कुणाला मिळाला आणि त्याची जात व जमीन किती, कोण वगळले गेले, आणि दोन वर्षांनी त्या कामाचे काय झाले. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. सरकारी नमुन्यात तेच बहुधा नसतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. मग आपल्या तालुक्यात किती घरांना मिळाली? जमीन कसण्याजोगी होती का? आज ती कोण कसते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नवीन विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन लागते. त्या अटीत आपल्या गावातली किती घरे बसत नाहीत? ही यादी दुसरे कुणी करणार नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदानाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी न मागता जाहीर करायचा असतो. तो मागा. मिळालेली यादी व्हॉट्सॲपवर फिरवून थांबू नका; ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वाचणारी शक्यतो रोवणीला जाणारी बाई असू द्या, आणि तिला वाचता येत नसेल तर आधी ते शिकवा. तलावाचा प्रश्न असेल तर निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा. गावाच्या सामाईक वापराचे, सिंचनाचे, मासेमारीचे रिवाज विदर्भात या कागदांत नोंदवले जातात. महसूल संहितेची कलमे १६१ आणि १६५ त्यासाठीच आहेत.

प्रकल्पवाल्यांनाही आमचे सांगणे आहे. तुमचा फॉर्म शून्य हेक्टरवर बंद पडत असेल, तर दोष त्या बाईत नाही, फॉर्ममध्ये आहे. मूल्यमापनाला येताना गाडी सरपंचाच्या दारात लावता, ती एकदा आमच्या वस्तीच्या टोकाला लावा. आणि जाण्याआधी जे लिहिले ते वाचून दाखवा.

शिवेची साक्ष आपण पिढ्यान्‌पिढ्या दिली, ती दुसऱ्याच्या दप्तरासाठी. आता साक्षही आपली आणि वहीही आपली. येत्या ग्रामसभेला हात रिकामे घेऊन जाऊ नका.

जय भीम!