आपल्या तालुक्याचा भूगोल

भूगोल हा केवळ पाठांतराचा विषय होय, असा समज विद्यार्थिवर्गात फार दृढ झालेला दिसतो. हिमालयाची शिखरे आणि गंगेच्या उपनद्या मुले धडाधड म्हणून दाखवितात. परंतु आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी अखेर कोणत्या खाडीस मिळते, असे विचारले असता पुष्कळ जण गप्प राहतात. दूरदेशांचे ज्ञान नको, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्ञानाचा आरंभ घरापासून व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर्जत व खालापूर या तालुक्यांत शिकण्याजोगे काय थोडे आहे? पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा काळा पाषाण बनला. या दोन तालुक्यांतील नद्या भिन्न वाटा धरतात: उल्हास उत्तरेकडे जाऊन पुढे वसईच्या खाडीस मिळते, तर पाताळगंगा पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जाते. याहून नवल असे की, इंद्रायणी, भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचे पाणी लोणावळ्याजवळील तलावांत अडवून १९१५ सालापासून खोपोलीस उतरविले जाते. त्यावर वीज निर्माण होते, आणि तेच पाणी पाताळगंगेस उन्हाळ्यातही वाहती ठेवते.

परंतु भूगोल हा केवळ नवलाचा विषय नव्हे. तो जीवनमरणाचाही विषय आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे देह सापडले. ५७ जणांचा शोध लागला नाही. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या ठाकरवाडीचे नावही नव्हते.

कोणी यास दैवाचा कोप म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. कड्याखाली वर्षानुवर्षे माती व दगडगोटे साचतात. अतिवृष्टीचे पाणी त्यांत मुरले की भार वाढतो, खालच्या खडकाशी असलेली पकड सुटते आणि उतार घसरतो. उतारावर राहणाऱ्या गरीब बांधवांस दोष देणे तर अन्यायाचेच होय. दुसरी जागा असती तर ते तेथे कशास राहते? मात्र कचेरीतील यादी अपुरी असू शकते, एवढा धडा आपण घेतलाच पाहिजे. ती पुरी करावयास गावातीलच जाणते डोळे हवेत.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पावसाळा सरल्यावर आपापल्या गावाचा नकाशा स्वतः काढा. उतार, ओढे, झरे व जुन्या दरडींच्या जागा त्यात दाखवा. वडीलधाऱ्या ठाकर व कातकरी मंडळींस विचारा. डोंगराची ओळख त्यांच्याइतकी कोणास असणार? जमिनीस नवी भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा झाडे कलू लागली, तर ते त्वरित वडिलांस सांगा. पालकांसही आमची विनंती आहे की, अशी वार्ता पोरकटपणा समजून न हसता त्यांनी ती तलाठ्यापर्यंत पोहोचवावी.

परीक्षेतील गुण वर्षाअखेर विसरले जातात. आपला डोंगर ओळखणारा विद्यार्थी एखादे दिवशी सबंध वाडीस वेळेवर जागे करील. भूगोल शिकल्याचे याहून मोठे सार्थक आम्हांस दिसत नाही.